हरकती : निरंक



मी नोकरीने कारकून. वीस-बावीस वर्षे फायलींत गेली. फायलीत एक शब्द फार वेळा भेटतो : 'निरंक'. म्हणजे काही नाही, शून्य. एखाद्या योजनेचा नकाशा तयार होतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत सूचना येते. कार्यालयाच्या फलकावर एक कागद लागतो. मुदत संपली की माझ्यासारखाच कोणी कारकून टिपणी लिहितो : 'प्राप्त हरकती : निरंक.' साहेबांची सही होते आणि फाईल पुढे सरकते. पुढच्या टेबलावर त्या शब्दाचा अर्थ लावला जातो की लोकांना सर्व मान्य आहे.

हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे. ज्या फलकावर ती सूचना लावली होती, त्याच्यापुढे जुने लोखंडी कपाट उभे होते, हेही मला माहीत होते. त्या वेळी मी गप्प राहिलो. म्हणून आज हे लिहितो आहे.

नाग नदीशी आपले नाते जुने आहे. 15 ऑक्टोबर 1956 रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरच का निवडले ते सांगितले. नाग लोकांनी बुद्धधम्माचा प्रसार केला, त्यांची वस्ती या भागात होती आणि इथल्या नदीलाही नाग हेच नाव आहे, असा त्या बोलण्याचा आशय होता. आज आपण त्या नदीला नाला म्हणतो. नाक दाबून पूल ओलांडतो. शहराचे सांडपाणी घेऊन ती पुढे कन्हानला मिळते आणि ती घाण वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणापर्यंत जाते. नदी स्वच्छ करण्यासाठी 1,900 कोटींहून मोठी योजना मंजूर झालेली आहे. काठ सुधारण्याची, बगिचे करण्याची चर्चाही वेळोवेळी होते. नदी स्वच्छ व्हावी, काठावर आपल्या लेकरांना खेळायला जागा मिळावी, याला कोण नाही म्हणेल? प्रश्न इतकाच आहे की कागदावर रेषा ओढताना काठावरच्या माणसाला कोणी विचारणार आहे की नाही.

न विचारल्याने काय होते, ते आपण नुकतेच पाहिले आहे. दीक्षाभूमीच्या विकासासाठी शासनाने सुमारे 200 कोटी रुपयांचा आराखडा केला. त्यात भूमिगत वाहनतळ होते. खोदकाम सुरू झाले आणि लोकांच्या पोटात गोळा आला. स्तूपाच्या पायाला धक्का बसेल का? बोधिवृक्षाच्या मुळांचे काय? अशोक विजयादशमीला लाखो माणसे येतात, त्यांनी बसायचे कुठे? 1 जुलै 2024 रोजी हजारो लोक जमले. बांधकामाच्या साहित्याची जाळपोळ झाली. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत कामाला स्थगिती जाहीर केली. आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले.

आराखडा कोणी केला, संमती कोणी दिली, हा वाद बराच झाला. त्यात आज पडत नाही. मला दुसरीच गोष्ट लागते. लोकांनी त्या दिवशी विचारलेले सगळे प्रश्न नकाशा काढताना विचारायचे होते. पायाची खोली किती, खोदकाम स्तूपापासून किती अंतरावर, गाड्या दुसरीकडे थांबवता येतील काय, हे प्रश्न कागदावर सुटतात. नकाशावरची रेघ पुसायला खोडरबर पुरते. खोदलेला खड्डा बुजवायला पुन्हा जनतेचाच पैसा लागतो. आणि गुन्हा दाखल झालेला पोरगा नोकरीच्या पोलीस पडताळणीत अडकतो, तारखा करतो. तो पोरगा कोणत्या वस्तीतला असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरे उदाहरण अंबाझरीचे. तलावाशेजारच्या उद्यानाच्या परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होते. पर्यटन प्रकल्पासाठी ती जागा खासगी कंपनीकडे गेली आणि 2021 साली, कोरोनाच्या काळात, भवन पाडले गेले. माणूस घराबाहेर पडायला भीत होता, तेव्हाची ही गोष्ट. 2023 मध्ये भवन त्याच जागी उभारा म्हणून धरणे सुरू झाले. त्यात आपल्या बायाच पुढे होत्या. घरचे काम उरकून, डबा बांधून त्या मंडपात येऊन बसत. भवन पाडण्याआधी त्यांच्यापैकी एकीलाही कोणी काही विचारले असते, तर तो मंडप लागला नसता.

तिसरे उदाहरण पाण्याचे आहे. अंबाझरीचा बंधारा 1870 सालचा. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून नाग नदीत उतरते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तलाव ओसंडला, नदीकाठचे रस्ते नदी झाले, घराघरांत पाणी शिरले, माणसे दगावली. ज्याला आपण ओव्हरफ्लो पॉइंट म्हणतो, तिथे स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभे आहे. पाण्याच्या वाटेत ते बांधले कसे, हा प्रश्न रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात नेला. विवेकानंदांबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार जागेची होती. स्मारक कोणाचेही असो, आपल्याही महापुरुषाचे असो, ते कुठे उभे राहते हे पाणी पाहते, नाव पाहत नाही.

बाहेरचेही एक उदाहरण पाहू. अहमदाबादेत साबरमतीचा काठ सुंदर झाला, लोक फिरायला जातात. पण तो होताना काठावरच्या 10 हजारांहून अधिक गरीब कुटुंबांना उठावे लागले. कित्येकांना शहराच्या टोकाला घर मिळाले. घर मिळाले, पण धुणीभांड्याचे काम, हातगाडी, मुलांची शाळा लांब राहिली. तिथल्या वस्त्यांनी साबरमती नागरिक अधिकार मंच काढून 2005 साली गुजरात उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा पुनर्वसनाचा विचार तरी झाला. बगिच्याच्या चित्रात झाडे असतात, बाके असतात. आधी तिथे कोण राहत होते, ते चित्रात नसते.

विचारून काम करणे ही काही परदेशातून आणलेली पद्धत नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी बौद्ध भिक्षुसंघाचा दाखला दिला. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सर्व नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. विनयात तर महत्त्वाचा ठराव सर्वांसमोर मांडून तीनदा विचारला जातो. ज्याला मान्य आहे त्याने शांत राहावे, ज्याला मान्य नाही त्याने बोलावे. म्हणजे तिथेही मौन ही संमतीच धरतात. पण आधी सर्वांना एकत्र बसवून, ऐकू येईल असे, तीन वेळा विचारल्यानंतर. कपाटामागच्या फलकावर एक कागद चिकटवून मिळवलेल्या 'निरंक'ला ती सर नाही.

आता आपल्याविषयी. शासन विचारत नाही हे खरे. पण विचारते तेव्हा आपण जातो काय? जयंतीच्या वर्गणीला घरोघर फिरणारे आपले कार्यकर्ते हरकतीच्या मुदतीत एका कार्यालयाची पायरी चढत नाहीत. यात मीही आलो.

म्हणून गेल्या वर्षी आमच्या विहारात आम्ही एक प्रयोग केला. वस्तीच्या कडेच्या नाल्यावर बगिचा आणि पुतळा होणार अशी कुणकुण होती. माहिती अधिकारात नकाशाची प्रत मागवली. रविवारी वंदना झाल्यावर ती सतरंजीवर पसरली. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करणाऱ्या एका मुलीने उत्तर दिशा कुठे, एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर किती मीटर, हे समजावून सांगितले. एक आजी बराच वेळ वाकून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "याच्यात आमची गल्ली कुठी हाय बाप्पा?" आम्ही शोधली. गल्लीच्या जागी पांढरा कागद होता आणि त्यावरून फिरायचा रस्ता काढला होता. दुसऱ्या बाईंनी भिंतीच्या रेघेवर बोट ठेवले. "इथवरी आलतं पाणी. हे भिंत बांधली तं पाणी घरातच राहीन ना!" इंजिनिअरच्या नकाशात नसलेली गोष्ट त्या बाईंनी पाच मिनिटांत सांगितली. कारण त्या रात्री पोरांना खांद्यावर घेऊन त्या उभ्या होत्या.

त्या रविवारी सत्तेचाळीस अर्ज लिहिले गेले. सुनावणी लागली. गल्ली नकाशात आली, भिंतीला पाणी जायला मोऱ्या ठेवल्या, बायांसाठी स्वच्छतागृह धरले गेले. पुतळ्याची जागा मात्र आम्ही म्हटली ती मिळाली नाही. सगळे मिळाले असे मी म्हणणार नाही. पण कोणाच्या घरावर रात्रीतून खुणा पडल्या नाहीत आणि कोणाच्या पोराला ठाण्यात जावे लागले नाही.

आपल्यालाही हे करता येईल. कारकुनाच्या अनुभवाने चार गोष्टी सांगतो.

पहिली, आधी नकाशा मिळवा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. उत्तर 30 दिवसांत यायला हवे.

दुसरी, नकाशावर पूररेषा पाहा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. आपले घर, विहार, प्रस्तावित बगिचा, स्मारक कोणत्या रेषेच्या आत येते ते बघा. रेषा दाखवलीच नसेल तर तीच पहिली हरकत.

तिसरी, मुदत पाळा. शहराच्या मंजूर विकास योजनेत जागेचा वापर बदलायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली सूचना काढून एक महिन्यात हरकती मागवाव्या लागतात. मुदतीनंतरच्या अर्जाला साहेब नम्रपणे 'मुदतबाह्य' असा शेरा मारतात. विहाराच्या फळ्यावर सुविचारासोबत अशा सूचनेची तारीखही लिहीत जा.

चौथी, अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहा. एकच मजकूर छापून शंभर सह्या घेतल्या तर टेबलावर तो एकच मुद्दा ठरतो. सूचनेचा क्रमांक, आपला पत्ता, हरकत काय, का, आणि त्याऐवजी काय करावे, एवढे पुरे. शेवटी 'मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी' हे वाक्य विसरू नका. दोन प्रती करा आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊनच घरी या. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच.

भगिनींना एक वेगळी विनंती. सुनावणीला फक्त पुरुषांना पाठवू नका. रात्री दिवा कुठे नसतो, पाणी कुठून शिरते, 14 ऑक्टोबरला आणि विजयादशमीला बाहेरगावच्या बाया आडोसा शोधत कशा फिरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते नकाशा काढणाऱ्याने तुमच्याच तोंडून ऐकले पाहिजे.

मार्च 2022 मध्ये नागपूर महानगरपालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ शहरात नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. त्या काळात वस्तीचे म्हणणे फायलीपर्यंत नेणारा हक्काचा माणूसच नव्हता. तेव्हाची सवय आता आपणच मोडली पाहिजे. नाग नदीच्या काठाचा नकाशा जेव्हा केव्हा फलकावर लागेल, तेव्हा तो वाचायला विहारातून दहा माणसे गेली पाहिजेत. मुदत संपल्यावर माझ्यासारखा एखादा कारकून टिपणी लिहायला बसेल. त्या रकान्यात त्याला आकडा लिहावा लागेल, एवढे आपण करू.

जयभीम.