पक्षरहित सभा कितपत पक्षरहित?

महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या निवडणुकींत उमेदवारास राजकीय पक्षाचें चिन्ह मिळत नाहीं. तथापि निकाल लागतांच एकाच गांवच्या सरपंचावर दोन दोन पक्ष हक्क सांगतात, हें वाचकांस विदित आहेच. ‘सर्वपक्षीय’ शेतकरी मेळाव्यांचीही बहुधा हीच गत असते.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अशा सभांचे कार्यक्रम प्रस्तुत लेखकानें स्वहस्तें लिहिले आहेत. पत्रिकेवर पक्षाचें नांव नसे. परंतु मधली खुर्ची कोणाची, शेवटीं कोण बोलणार आणि प्रश्नांस वेळ उरूं द्यावयाचा कीं नाहीं, हें आधींच ठरलेलें असे. उघड लबाडी कांहींच नसे. क्रम मात्र एकाच्या सोयीचा असे.

यावरून प्रत्येक सभा कपटी मानणें अन्यायाचें होईल. एका पक्षाचे श्रोते अधिक आले, एवढ्यानें सभा दूषित होत नाहीं. खर्च कोणाचा, विरुद्ध मतास समान वेळ आहे काय, व श्रोत्यांचे प्रश्न घेतले जातात काय, हें पाहावें. आपल्या संस्थेनें सभेस जागा देण्यापूर्वीं या गोष्टी ठरावांत लिहून घ्याव्या. उतारा पाहिल्यावांचून आपण जमीन घेत नाहीं. मग चौकशीवांचून आपलें नांव तरी कां द्यावें?