चोंदलेले नाक आणि उकळलेले पाणी

मळणीचा हंगाम आला की, पीक गव्हाचे असो वा सोयाबीनचे, भुशाची बारीक धूळ शेतकऱ्याच्या नाकात जाते. नाकाच्या अस्तराला सूज येते, सायनसची तोंडे बंद होतात आणि कपाळ व गाल जड होतात. अशा वेळी घरोघरी ओव्याची पुरचुंडी, हळदीचे दूध व वाफारा यांचा आधार घेतला जातो. त्यांनी आराम वाटतो. परंतु साचलेली धूळ व चिकट स्राव बाहेर काढण्यासाठी मिठाच्या पाण्याने नाक धुणे अधिक उपयुक्त ठरते. जलनेती म्हणून ही क्रिया आपल्याला परिचित आहेच.

मात्र त्यासाठी विहिरीचे, शेततळ्याचे वा नळाचे पाणी थेट वापरू नये. गोड्या, कोमट पाण्यात वाढणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूत पोहोचतो. हा आजार दुर्मीळ असला तरी बहुधा प्राणघातक असतो. केरळमध्ये २०२४ मध्ये त्याचे रुग्ण आढळले होते. म्हणून पाणी उकळून कोमट होऊ द्यावे आणि एका लिटरमध्ये सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चमचा मीठ विरघळवावे.

फवारणीच्या वेळी घ्यावयाची काळजी आपण आवर्जून सांगतो. मळणीच्या धुळीविषयी मात्र क्वचितच बोलतो. विस्तार कार्यकर्त्यांनी मळणीपूर्व बैठकीतच मास्क, वाऱ्याची दिशा आणि उकळलेले पाणी हे विषय घ्यावेत. त्रास दहा दिवसांहून अधिक राहिल्यास, तीव्र ताप आल्यास वा डोळ्याभोवती सूज दिसल्यास घरगुती उपचारांवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जाणेच शहाणपणाचे.