चेटकिणी घडविल्या कोणी?

कानांना हेडफोन लावून माळरानात किंवा अरण्यात शिरावे, खिशातील भ्रमणध्वनीने आपली जागा ओळखावी आणि प्रत्येक वळणावर ठरलेली कुजबुज, किंकाळी वा घंटानाद कानी पडावा, अशा ‘ध्वनिफेऱ्या’ पाश्चात्त्य देशांत आता रूढ झाल्या आहेत. भूप्रदेश, दंतकथा आणि ग्रामीण भयकथा यांचा हा संगम म्हणजे लोकस्मृतीचे पुनरुज्जीवन होय, असे त्यांचे पुरस्कर्ते सांगतात. परंतु ही स्मृती कोणाची, आणि तिच्यातून वगळले कोणाला, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

इंग्लंडमधील लँकशायरच्या पेंडल डोंगराचे उदाहरण घ्यावे. १६१२ च्या मार्च महिन्यात अलिझन डिव्हाइस या भिक्षा मागणाऱ्या मुलीने एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने नकार दिला आणि थोड्याच वेळात तो कोसळला. आजची वैद्यकी त्यास पक्षाघात म्हणेल. त्या काळच्या न्यायव्यवस्थेने त्यास चेटूक म्हटले. रॉजर नॉवेल या दंडाधिकाऱ्याने चौकशीचे जाळे पसरविले. अलिझनची आजी, ऐंशीच्या घरातली आंधळी वृद्धा, खटल्यापूर्वीच लँकेस्टरच्या तुरुंगात मरण पावली. अवघ्या नऊ वर्षांच्या जेनेटची साक्ष तिच्याच आईविरुद्ध ग्राह्य धरण्यात आली. २० ऑगस्ट १६१२ रोजी लँकेस्टर येथे दहा जणांना फाशी देण्यात आली. पुढच्याच वर्षी न्यायालयाच्या कारकुनाने, टॉमस पॉट्स याने, या खटल्याचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. म्हणजे आज ज्याला ‘लोककथा’ म्हणून कानांत ओतले जाते, तिचा मुख्य आधार सरकारी दप्तर आहे. फासावर गेलेल्यांची वाणी त्यात आरोप करणाऱ्यांच्याच लेखणीतून उतरली आहे.

येथे भयावह काय होते? डोंगर नव्हे, धुके नव्हे. भयावह होती ती दारिद्र्याला गुन्हा ठरविणारी सत्ता, १६०४ चा चेटूकविरोधी कायदा आणि कच्च्या पोरीच्या तोंडून आईचे मरण वदवून घेणारे न्यायासन. ध्वनिफेरीत मात्र न्यायाधीश गडप होतो आणि म्हातारीचे खिदळणे तेवढे उरते. ज्यांना एकदा फासावर चढविले, त्यांनाच पुन्हा बागुलबुवा म्हणून उभे करण्याचा हा उद्योग आहे.

या भयकलेचा आद्य नमुना मानला जाणारा १९७३ चा ‘द विकर मॅन’ हा चित्रपट तिच्या आजच्या भक्तांपेक्षा अधिक प्रामाणिक होता. त्यातील बेटावर जुन्या देवतांची उपासना पुन्हा रुजविली ती जमीनमालकाच्या आजोबाने. रयतेने उमेदीने राबावे आणि फळबागा पिकाव्यात, हा त्यामागील हेतू. अंधश्रद्धेच्या मुळाशी मालकी हक्क आहे, हे चित्रपट उघड सांगतो; प्रेक्षक मात्र गावकऱ्यांनाच भिऊन घरी जातो.

करमणुकीला प्रत्येक वेळी समाजशास्त्राचे ओझे कशाला, असे कोणी म्हणतील. करमणुकीला आमचा विरोध नाही. ध्वनीच्या साह्याने एखादी जागा नव्याने पाहता येते, हेही आम्हांस मान्य आहे. पण भीती ही निरुपद्रवी वस्तू नव्हे. महाराष्ट्रात नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर आजही ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांना मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. त्यामागे कधी जमिनीचा वाद असतो, कधी जुने वैर. पेंडलचे फास आवळले गेले त्याच तारखेला, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्या वर्षअखेर संमत झाला, तोही त्यांच्या प्राणांचे मोल देऊन. आपल्याकडेही पर्यटनाच्या नावाखाली भुताखेतांच्या सहली काढणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

ध्वनिफेऱ्या अवश्य काढाव्यात. परंतु त्यांत टाचणी नाकारल्याची हकीकत असावी, दंडाधिकाऱ्याचे नाव असावे, तुरुंगातील अंधार असावा आणि ती जमीन तेव्हा कोणाची होती व आज कोणाची आहे, हेही सांगितलेले असावे. आणि वाटेत एखादा मेंढपाळ भेटलाच, तर हेडफोन काढून त्याच्याशी चार शब्द बोलण्याची सूचनाही असावी.