बंदूक गेली, शिकार उरली

हिवाळा लागला कीं छत्रपती संभाजीनगरच्या सुशिक्षित मंडळींना हल्लीं पक्ष्यांची ओढ लागते. रविवारीं पहांटेस मोटारी पैठणच्या रस्त्याला लागतात. गळ्यांत दुर्बिणी असतात, मांडीवर हातभर लांब भिंगांचे कॅमेरे असतात. आणि संध्याकाळ होण्यापूर्वींच नाथसागरावरील कादंबांचीं व चक्रवाकांचीं छायाचित्रें घरोघरच्या फोनवर येऊन पोंचतात. पाहणारे 'वाहवा' म्हणतात, काढणारा कृतकृत्य होतो. या छंदाची निंदा करण्याचा अधिकार मला नाहीं, कारण मीहि त्याच रस्त्यानें जाणारा आहें. परंतु त्यांतलीं पुष्कळशीं छायाचित्रें कशीं मिळविलीं जातात हें डोळ्यांनीं पाहिल्यावर गप्प बसणें मला अप्रामाणिकपणाचें वाटतें. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आम्ही हातांतली बंदूक खालीं ठेवली, पण शिकाऱ्याचें मन तेवढें जवळ ठेवलें. आणि शिकाऱ्यापाशीं जी थोडीफार जाण होती ती मात्र बंदुकीबरोबर टाकून दिली.

जानेवारींतील एका सकाळीं पाहिलेली गोष्ट सांगतों. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या एका मातीच्या उंचवट्यावर दोनएकशें पट्टकादंब विसांवले होते. बहुतेकांनीं माना पाठीवर वळवून चोंची पिसांत खुपसल्या होत्या. चारदोन पहारेकरी तेवढे माना ताठ करून उभे होते. शेजारच्या उथळ पाण्यांत थापट्या बदकें आपल्या फावड्यासारख्या चोंची घेऊन चाळण चाळीत होतीं, आणि पलीकडे चक्रवाकांचीं तीनचार जोडपीं उन्हांत बसलीं होतीं. इतक्यांत एक होडी निघाली. तींत चार सभ्य गृहस्थ होते. त्यांनीं होडीवाल्यास ठरलेल्या पैशांवर आणखी कांहीं देऊं केले होते. होडी सरळ त्या उंचवट्याच्या रोखानें गेली. सगळ्या माना उंचावल्या, पक्षी दोन पावलें पाण्याकडे सरकले; होडी थांबली नाहीं. अखेर एकानें हाताची टाळी वाजविली. सारा थवा ओरडत उठला आणि कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला. किनाऱ्यावर परतल्यावर त्यांतील एक गृहस्थ मला आनंदानें म्हणाले, "उडतांना मिळाले! बसलेले काय, कुणीहि काढतो." त्या गृहस्थांच्या सौजन्याविषयीं मला शंका नाहीं. म्हणूनच त्यांचें वाक्य माझ्या मनांतून जात नाहीं.

ज्यांना उडविलें ते पाहुणे कोण, हें आतां पाहूं. नाथसागर हें कांहीं पुरातन सरोवर नव्हे. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या ज्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं केली व ज्याचें उद्घाटन १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं केलें, त्याचा हा जलाशय. माणसानें तो शेतीसाठीं व पिण्याच्या पाण्यासाठीं केला. पक्ष्यांनीं तो न विचारतां आपलासा केला. आणि १९८६ सालीं सरकारनें त्यास पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलें. पाणी उथळ, विस्तार शेंकडों चौरस किलोमीटरांचा. हिवाळ्यांत पाणी जसजसें मागें हटतें तसतशीं बेटें उघडीं पडतात, आणि काठची गाळपेर जमीन हरभऱ्यागव्हानें हिरवी होते.

येथें येणारा पट्टकादंब मंगोलियांत, तिबेटांत, आमच्या लडाखच्या सरोवरांकांठीं वीण करतो आणि हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनीं त्याच्या अंगावर यंत्रें बसवून त्याचा मार्ग तपासला, तेव्हां सुमारें ७,३०० मीटरांपर्यंतची उंची नोंदली गेली. पण त्याहून विलक्षण गोष्ट २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसली. हा पक्षी सारा प्रवास उंचावरून करीत नाहीं. डोंगर चढला कीं चढतो, दरी आली कीं मिळविलेली उंची सोडून पुन्हां खालीं उतरतो, कारण विरळ हवेंत पंख मारणें त्याला फार महाग पडतें. शक्तीचा असा काटकसरीचा हिशेब ठेवणारा हा जीव आमच्याकडे येतो तो विश्रांतीसाठीं आणि परतीच्या वाटेची शिदोरी अंगावर चढविण्यासाठीं. तो मुख्यत्वें रात्रीं व संधिप्रकाशांत शेतांत चरतो आणि दिवसा मोकळ्या काठावर विसांवा घेतो. म्हणजे ज्या वेळीं आम्ही त्याच्यावर होडी घालतों ती त्याची झोंपेची वेळ असते. एकदां उडविल्यानें तो मरत नाहीं, हें खरें. परंतु तासाभरानें दुसरी होडी येते, आणि पुढच्या रविवारीं तिसरी. खर्च झालेली ती शक्ति त्यानें कोणाकडे मागावी?

यावर कांहीं आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, छायाचित्रांमुळेंच लोकांत पक्ष्यांविषयीं प्रेम उत्पन्न होतें. होतें, मान्य आहे. पण घाबरून पळणाऱ्या थव्याच्या चित्रानें जें प्रेम उत्पन्न होतें, तें पाहणाऱ्यालाहि तसेंच चित्र काढण्यास धाडतें. दुसरा आक्षेप असा कीं, छायाचित्र हा शास्त्राला पुरावा असतो. हाहि खराच. मंगोलियांत गळ्यांत खुणेचीं कडीं घातलेले कादंब भारतांत आढळले, तेव्हां त्या कड्यांवरील अक्षरें छायाचित्रांवरून वाचतां आलीं. पण अक्षरें वाचण्यासाठीं पक्षी स्वस्थ उभा असावा लागतो! तिसरा आक्षेप कोळ्यांविषयींचा: त्यांच्या होड्या दिवसभर फिरतात, मग आमच्या एका होडीचें काय? कोळ्याची होडी जाळ्याच्या वाटेनें जाते; तिची चाल ठरलेली असते व पक्षी ती ओळखून असतात. छायाचित्रकाराची होडी पक्ष्याच्याच रोखानें येते. शिवाय कोळी पोटासाठीं पाण्यांत उतरतो, आपण हौसेसाठीं. हौशी माणसानें पोटार्थी माणसाकडे बोट दाखविणें शोभत नाहीं.

आणि उडत्या कादंबाचें चित्र हवेंच असेल तर तें पाप करण्याचें कारणच नाहीं. सूर्य मावळतीला येईपर्यंत काठावर बसून राहावें. अंधार पडूं लागला कीं थवे आपण होऊन उठतात आणि एकामागून एक रांगा धरून शेतांकडे जातात. त्या चित्राला फक्त दोनचार तासांचा धीर लागतो. तो धीर नाहीं म्हणून टाळी वाजते.

कायद्यानें हें आमच्यापूर्वींच ओळखलें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकार या शब्दाची जी व्याख्या आज आहे, तींत मारणें व पकडणें यांच्या पंगतीला वन्य प्राण्यास हाकणें हेंहि बसविलेलें आहे. भरतपूर येथें १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आंकडा वाचून आज आपण हळहळतों. तेथें मेलेले पक्षी मोजले गेले, येथें मिळालेल्या 'वाहवा' मोजल्या जातात. दोहोंतील अंतर मोठें आहे, हें मी नाकारीत नाहीं. एकांत प्राण जातो, दुसऱ्यांत जात नाहीं. पण पक्षी हा आपल्या प्रतिष्ठेचें साधन आहे, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे.

आमच्या शहरांत दिल्ली दरवाज्याजवळ एक जुनें तळें आहे. त्याला सलीम अलींचें नांव दिलें आहे. त्यांनीं निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी केली, तिचे वृत्तांत १९३३-३४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. औरंगाबाद त्या वेळीं त्याच राज्यांत होतें. त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यांनीं पक्षी बंदुकीनें टिपले. परंतु टिपलेल्या पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधली जाई, आणि तिजवर स्थळ व तारीख असे. त्यांची बंदूक आज कोणी हातीं घ्यावी असें मी म्हणत नाहीं. पण त्या चिठ्ठीचें काय झालें, हें विचारण्याचा हक्क मला आहे. आमच्या हजारों छायाचित्रांपैकीं कितींवर तारीख असते? थव्यांत किती पक्षी होते, काय खात होते, कोणत्या दिशेनें गेले, हें किती जण लिहून ठेवतात? हळदीकुंकू बदक हें आमच्या भाषेचें किती गोड नांव! चोंचीच्या मुळाशीं कुंकवाचे दोन ठिपके, टोंकाला हळद. ज्यानें हें नांव ठेविलें त्यानें तें बदक कॅमेऱ्यावांचून, पण निवांतपणें पाहिलें होतें.

इंग्लंडांत पीटर स्कॉट हा तरुणपणीं हंसबदकांचा नामांकित शिकारी होता. पुढें त्यानें बंदूक टाकली आणि १९४६ सालीं स्लिमब्रिज येथें पाणपक्ष्यांसाठीं संस्था स्थापिली. १९६४ पासून तेथें हिवाळ्यांत येणाऱ्या बेविक हंसांच्या चोंचींवरील काळ्यापिवळ्या आकृति तो खिडकींतून पाहून टिपूं लागला. प्रत्येक हंसाची आकृति निराळी निघाली. प्रत्येकाला नांव मिळालें. कोण कोणाचा जोडीदार, कोण पिलांसह आला, कोण यंदा आलाच नाहीं, याची वर्षानुवर्षांची वही झाली. शिकाऱ्याचें मन पालटलें तर काय होऊं शकतें, याचें हें उदाहरण आहे.

इतकें दूर तरी कशाला जावें? अजिंठ्याच्या दुसऱ्या व सतराव्या लेण्यांत हंसजातकाची कथा रंगविली आहे. राणीला स्वप्नांत दिसलेला सुवर्णहंस हवा होता. म्हणून राजानें एक सरोवर केलें, तेथें येणाऱ्या पक्ष्यांना अभय असल्याची दवंडी पिटविली, आणि मग त्याच सरोवरावर पारध्याला फांस लावावयास सांगितलें. हंसांचा राजा अडकला, थवा उडाला, पण त्याचा सेनापति सुमुख त्याला सोडून गेला नाहीं. ती निष्ठा पाहून पारध्याच्या हातून फांस सुटला. ही कथा वाचतांना मला नेहमी नाथसागर आठवतो. सरोवर आम्हीच केलें, अभयाची दवंडीहि आम्हीच पिटविली. प्रश्न एवढाच आहे कीं, दवंडी ऐकून आलेल्याशीं आम्ही राजासारखे वागणार कीं शहाण्या झालेल्या त्या पारध्यासारखे?

माझें मागणें फार नाहीं. होडीवाल्यास जवळ नेण्यासाठीं जादा पैसे देऊं नयेत. उलट दूर थांबल्याबद्दल खुशाल द्यावे. पहारेकऱ्याची मान ताठ झाली कीं तेथेंच थांबावें, थवा पाण्याकडे सरकूं लागला तर मागें फिरावें. दर जानेवारींत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेंत आपल्या मुलांना बरोबर घेऊन भाग घ्यावा. पन्नास पक्षी नीट मोजलेलें मूल पुढें शंभर चित्रांनीं फसत नाहीं. आणि घरीं फोनवर उडत्या थव्याचें चित्र आलें तर 'वाहवा' म्हणण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: "हे आपण होऊन उडाले, कीं उडविले?" हा प्रश्न चारचौघांत विचारला जाऊं लागला, तर होड्या आपोआप मंदावतील.

ज्या जलाशयाला आम्ही एकनाथांचें नांव दिलें, त्या एकनाथांनीं काशीहून रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड वाटेंत तहानलेल्या गाढवाच्या मुखीं रिकामी केली, असें आम्ही पिढ्यान् पिढ्या मुलांना सांगत आलों. हिमालयापलीकडून आलेला कादंब आमच्याजवळ गंगा मागत नाहीं. तो दिवसाची झोंप मागतो. नाथांच्या पाण्यावर त्याला ती मिळूं नये, याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.