कबीरवर रागावण्याचा हक्क

'वॉर २' पाहून आलेली तीन माणसं एका बाकावर बसली की वाद ठरलेलाच. ऑगस्ट २०२५ मध्ये रायपुरात हेच चाललं होतं. तात्यापाऱ्यात गणपतीच्या मंडपाचे बांबू बांधता बांधता पोरं हृतिक रोशन आणि एनटीआरवरून हमरीतुमरीवर आली. तेलीबांध्याला तलावाकाठी फिरायला जावं, तर चाटच्या गाडीपाशीही तोच विषय. कुणी सिनेमा डोक्यावर घेतला, कुणाला पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटले, आणि कुणी एवढंच म्हणालं, "पहिला बघा आणि हा बघा." मी या शेवटच्या माणसाच्या बाजूने आहे.

नाराज चाहत्यांना सध्या फार ऐकून घ्यावं लागतंय. मनोरंजन आहे, डोकं घरी ठेवून जायचं, असं त्यांना सांगितलं जातं. एवढंच खटकतं तर जाता कशाला, असंही विचारलं जातं. मला हे मुळीच मान्य नाही. ज्याने या हेरपटांच्या मालिकेतले आधीचे पाच भाग पाहिलेत, ज्याला हेरखात्यातल्या कर्नल लुथराचा आवाज डोळे मिटून ओळखता येतो, तोच नाराज होतो. हृतिकने साकारलेला कबीर कोण हेच ज्याला ठाऊक नाही, तो कशाला चिडेल? कबीरवर रागावण्याचा हक्क कबीरवर जीव लावणाऱ्यालाच आहे, आणि त्याचं म्हणणं शिट्टी वाजवणाऱ्याइतक्याच आदराने ऐकलं पाहिजे.

माझ्याबद्दल थोडं सांगते. सरकारी कचेरीत चाकरी करून निवृत्त झालेली मी एक रायपूरकर मराठी बाई. हेरकथांची गोडी मला माहेरी लागली. वडील नागपूरला गेले की बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं घेऊन यायचे. झुंजार आणि काळा पहाड ही आमच्या घरातली माणसंच होती. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. नायक तोच, पण प्रत्येक पुस्तकात नवा पेच, आणि तो पेच शेवटच्या पानापर्यंत सुटलेला. पुढच्या पुस्तकाची जाहिरात असलीच तर ती गोष्ट संपल्यावर यायची, गोष्टीच्या पोटात शिरायची नाही. मालिका कशी चालवावी हे मी तिथे शिकले, आणि आजही त्याच मापाने मोजते.

यशराजच्या या मालिकेची सुरुवात छान झाली होती. 'एक था टायगर' १५ ऑगस्ट २०१२ ला आला तेव्हा 'युनिव्हर्स' वगैरे काही नव्हतं. एका शास्त्रज्ञावर नजर ठेवायला सलमानचा टायगर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जातो, लेखक असल्याचं सोंग घेतो, आणि शास्त्रज्ञाचं घर सांभाळणाऱ्या मुलीच्या मागे मागे फिरतो. गोळीबार, उड्या सगळं होतं, पण हा माणूस तिथे हेरगिरी करायला गेलाय हे आपण विसरत नव्हतो. आणि त्याचा वरिष्ठ शेणॉय म्हणजे गिरीश कार्नाड! काळजी आणि संशय एकाच चेहऱ्यावर दाखवणारा नट. टायगरने नोकरीशी बेइमानी केली की त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काय होतं, ते पाहायला मी बसायचे. कार्नाड २०१९ मध्ये गेले. पुढे 'टायगर ३' मध्ये त्या खुर्चीवर रेवती आली. तीही तोलामोलाची अभिनेत्री, पण तिला करायला फारसं काही दिलंच नव्हतं.

मग २ ऑक्टोबर २०१९ ला 'वॉर' आला. त्या सिनेमाने पहिल्या काही मिनिटांत एक प्रश्न हातात दिला: कबीर फितूर आहे की नाही? ज्याने शिष्य घडवला तोच आपल्याच माणसाला गोळी घालतो, आणि त्याला पकडायला त्याच शिष्याला पाठवलं जातं. शिवाय त्या शिष्याचा, खालिदचा, बाप खरोखरच फितूर होता आणि त्याला कबीरनेच मारलं होतं. म्हणजे दोघांमधल्या प्रत्येक शब्दाला दोन अर्थ. शेवटी कळतं की ज्याला आपण खालिद समजत होतो तो खालिद नाहीच, त्याचा चेहरा लावलेला दुसराच कुणी आहे. शस्त्रक्रियेची ती युक्ती कुणाला ओढूनताणून वाटेल, वाटो. पण दोन तास संशय टिकवला होता, आणि हेराच्या गोष्टीत संशयाइतकं मोलाचं दुसरं काही नसतं.

'वॉर २' ने नेमका तो संशयच सोडून दिला. कबीर लुथराच्या सांगण्यावरूनच शत्रूच्या टोळीत शिरलाय हे आपल्याला लवकर सांगून टाकलं जातं. त्यानंतर एक प्रसंग येतो, आणि तो या सिनेमातला सर्वांत चांगला प्रसंग आहे. कबीर खरंच आपला झालाय का याची परीक्षा म्हणून टोळी त्याला लुथरावर गोळी झाडायला लावते. लुथरा स्वतःच त्याला नजरेने सांगतो, झाड. हृतिकचा जबडा आवळलेला, आशुतोष राणाचा चेहरा शांत, आणि आमच्या रांगेत कुणाच्याही हातातल्या पॉपकॉर्नच्या पुड्याची सळसळ नाही. माझ्या शेजारी भाचा बसला होता, त्याने माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता सिनेमा सुरू झाला. या एका गोळीचं ओझं घेऊन हा माणूस पुढचे दोन तास कसा जगेल? मेलेल्याची मुलगी काव्या त्याच्या समोर उभी आहे, तिला तो काय सांगेल?

त्याऐवजी आगगाडी आली, विमान आलं, मोटारी आल्या, बोट आली, बर्फाची गुहा आली. दोघे नायक लहानपणी एकत्र होते अशी एक लांबलचक आठवण आली. सुमारे पावणेतीन तासांच्या सिनेमात त्या गोळीकडे कुणी नीट वळून पाहिलं नाही. भाच्याने मनगट केव्हा सोडलं तेही कळलं नाही.

बाहेर आल्यावर मात्र भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्या शेजारी एक तेलुगू कुटुंब राहतं. रेल्वेच्या नोकरीपायी आजोबा इकडे आले आणि इथलेच झाले, तशी रायपूर-भिलाईत कितीतरी घरं आहेत. त्यांचा नातू एनटीआरचा भक्त. 'आरआरआर' मधला भीम त्याने कितीदा पाहिला असेल देव जाणे. एनटीआरचा हा पहिला हिंदी सिनेमा, त्यामुळे पोरगा नवा शर्ट घालून गेला होता. परत आला तो रडवेला. "आंटी, तारक को वेस्ट कर दिया." तारक म्हणजे एनटीआरच. माझा भाचा उसळला, "मावशी, उलट आहे! त्याच्यासाठी आमच्या हृतिकचं काम कापलं." मग 'जनाबे आली' या गाण्यात कोण सरस नाचला, शेवटच्या मारामारीत कुणाचे ठोसे जास्त, कोण आधी पडला, यावर दोघांची तासभर जुंपली. मी चहा केला, दोघांचं ऐकून घेतलं, आणि माझी खात्री पटली की दोघांची तक्रार एकच आहे. दोन मोठ्या नटांचा मान राखायचा म्हणून प्रत्येक प्रसंग तोलून मापून वाटला गेला. अशा वाटणीत गोष्टीच्या वाट्याला काही येत नाही. कबीरला दोषी ठरू द्यायचं नाही, एनटीआरच्या विक्रमलाही पुरतं वाईट होऊ द्यायचं नाही, कुणी हरायचं नाही. मग गोष्ट पुढे जाणार कशी?

याच मालिकेतल्या 'पठाण' मध्ये जॉन अब्राहमचा जिम आठवा. गरोदर बायकोचा जीव जाऊ दिला म्हणून देशावर उलटलेला माजी हेर. तो खलनायक होता, पुरता खलनायक, आणि तरी त्याचं दुःख खोटं वाटत नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या त्या सिनेमाने जगभरात हजार कोटींवर मजल मारली त्यात शाहरुखच्या पुनरागमनाचा वाटा मोठा होताच, पण जिमचाही होता असं माझं ठाम मत आहे. पुढे त्याच वर्षीच्या दिवाळीत 'टायगर ३' आला. मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात प्रेक्षकांनी चालू खेळात फटाके फोडले, पळापळ झाली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि असं करू नका म्हणून खुद्द सलमानला सांगावं लागलं. बंद सभागृहात फटाके हा गुन्हाच, त्याचं समर्थन नाही. पण ते फटाके पडद्यावर सलमान अवतरला म्हणून वाजले होते, हे निर्मात्यांनी नीट पाहायला हवं होतं. त्याच सिनेमाबद्दल नंतर लोक थंडपणे बोलले. प्रेक्षक नायकाच्या आगमनाला जीव ओवाळून टाकतो आणि नंतर गोष्टीची वाट पाहतो. ती आली नाही तर पुढच्या वेळी तो आगमनालाही येणार नाही.

यात दक्षिण विरुद्ध उत्तर असं काही आणू नये. आपल्याकडचा हेरपट दोघांनी मिळून उभा केलाय. १९६७ चा 'फर्ज', जितेंद्रचा एजंट ११६, हा तेलुगू 'गूढचारी ११६' वरून घेतलेला, आणि दिग्दर्शक रविकांत नगाइच तेलुगू चित्रसृष्टीत कॅमेरा चालवून आलेले. त्यांनीच पुढे १९७९ मध्ये मिथुनला गनमास्टर जी-९ करून 'सुरक्षा' काढला, आणि तो चालला म्हणून 'वारदात'. शाळेत असताना आम्ही मैत्रिणी 'सुरक्षा' ला गेलो होतो. त्यातली यंत्रं पुठ्ठ्याची आहेत हे आम्हालाही कळत होतं. पण जी-९ काय शोधतोय हे क्षणभरही विसरायला होत नव्हतं. आज यंत्रं खरी दिसतात, देशोदेशी चित्रण होतं, आणि कबीर काय शोधतोय हे मध्यंतरानंतर मला शेजाऱ्याला विचारावं लागतं.

नामांकित नायकाशिवाय गर्दी होत नाही, असं सांगणाऱ्यांना आमच्या रायपूरने केव्हाच उत्तर दिलंय. ऑक्टोबर २००० मध्ये, छत्तीसगड राज्य व्हायच्या काही दिवस आधी, सतीश जैन यांचा 'मोर छइंहा भुइंया' इथल्या बाबूलाल टॉकीजला लागला. त्याच वर्षी जानेवारीत हृतिक 'कहो ना प्यार है' मधून देशभर गाजला होता. इथे नायक होता अनुज शर्मा, ज्याला कुणी ओळखत नव्हतं. खेड्यापाड्यांतून माणसं आली, आठवड्यांमागून आठवडे आली. त्या सिनेमाने अनुज शर्माला नायक केलं, पुढे पद्मश्री आणि आमदारकीपर्यंत त्याचं नाव गेलं. सुरुवात मात्र गोष्टीपासून झाली होती. तेच हेरपटाच्या बाबतीत २०१८ च्या 'राजी' ने दाखवलं. सून होऊन शत्रूच्या घरात शिरलेली एक मुलगी, स्वयंपाकघर, बैठकीची खोली, जावेच्या भूमिकेत आपली अमृता खानविलकर, आणि एका दाराचा आवाज झाला तरी आपला श्वास अडकतो. तिथे एकही विमान कोसळत नाही.

महाराष्ट्र मंडळात एक जाणते गृहस्थ मला म्हणाले, "ताई, इतकं मनावर घेऊ नका, पोरं दोन दिवसांत विसरतील." पोरं विसरतील, खरं आहे. पण मला तीच भीती आहे. चाहता भांडतो तोवर त्याला त्या पात्राची फिकीर असते. आमच्या पाऱ्यातला वाद गणपती बसायच्या आतच निवला, मग सगळे विसर्जनाच्या झांकीच्या मागे लागले. पहिल्या 'वॉर' नंतर कबीर दोषी की निर्दोष यावर हीच मुलं दिवाळी उलटली तरी बोलत होती.

'वॉर २' संपल्यावर, नावं पडद्यावर सरकत असताना, बॉबी देओल एका लहान मुलीच्या हातावर खूण गोंदताना दिसतो. ती पुढच्या 'अल्फा' ची जाहिरात. त्या सिनेमात आलिया भट्टबरोबर शर्वरी वाघ आहे, मनोहर जोशींची नात, म्हणून आमच्या घरी आत्तापासून उत्सुकता आहे. मी तो पाहणार, भाच्याला आणि शेजारच्या मुलालाही नेणार. लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: शर्वरीला उंचावरून उडी मारायला लावा, हरकत नाही, पण त्याआधी तिला एखाद्या परक्या शहरातल्या खोलीत बसून खोटं नाव, खोटं गाव आणि खोट्या आईचा पत्ता पाठ करताना दाखवा, आणि दार वाजल्यावर त्यातलं एक उत्तर चुकू द्या.