व्हेप ओढणाऱ्या विद्यार्थ्याला दाखला नको, उपचार द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय, शालेय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : व्हेप सापडलेल्या विद्यार्थ्यांवरील कारवाईबाबत परिपत्रक काढण्याविषयी

महोदय,

ई-सिगारेटची, म्हणजेच व्हेपची निर्मिती, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओढण्याला मात्र कायद्याने शिक्षा सांगितलेली नाही, आणि ते योग्यच आहे. शाळांत अनेकदा नेमके उलटे घडते : विकणारा नामानिराळा राहतो आणि पोराच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडतो.

व्हेपमधल्या निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. शाळेत शिरण्यापूर्वी घेतलेला झुरका मधल्या सुट्टीपर्यंत उतरतो. चिडचिड होते, फळ्यावरचे डोक्यात शिरत नाही. मग स्वच्छतागृहात पेनड्राइव्हएवढ्या यंत्रातून आंब्याच्या वासाचे दोन झुरके घेतले की बरे वाटते. ताण गेला असे मुलाला वाटते, पण शमलेली असते ती निकोटिननेच लावलेली तलफ. संयम सांभाळणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे या वयात व्यसन चटकन जडते. अशा वेळी शाळा सुटली, तर मूल मित्रांना आणि शिक्षकांनाही मुकते; व्हेप तेवढा सोबत राहतो.

व्हेप आणि नैराश्य यांचा संबंध सांगितला की नैराश्य आधी की व्हेप आधी, असा रास्त प्रश्न विचारला जातो. अभ्यासांत संबंध दोन्ही बाजूंनी दिसतो, त्यामुळे एकालाच कारण ठरवणे घाईचे होईल. पण आधीच खचलेले मूल व्हेपकडे वळले असेल, तर त्याला समुपदेशनाची गरज अधिकच आहे. सवलत दिली की बाकीची सोकावतील, ही मुख्याध्यापकांची भीतीही आम्ही समजू शकतो. यंत्र जप्त करणे, पालकांना बोलावणे याला आमचा विरोध नाही. मात्र नाव कटण्याच्या धाकाने मुले व्यसन सोडत नाहीत, लपवायला शिकतात. सिगारेटपेक्षा व्हेप बरा, हा युक्तिवाद सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांपुरता. कधीच न ओढलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला तो लागूच होत नाही.

म्हणून केवळ व्हेप ओढला या कारणावरून कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करू नये, त्याला समुपदेशकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावावा. यंत्र कुठून आले याची माहिती शाळेने मुलाचे नाव उघड न करता पोलिसांना द्यावी. असे परिपत्रक जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निघावे, ही विनंती.

आपले नम्र,
पालक व शिक्षक