पुढच्या चाकांचा तिढा

रोवणीच्या दिवसांत बांधीकडे जाताना पुतण्याची फोर बाय फोर जीप फसली. आता त्याला पुढच्या आसालाही डिफरन्शियल लॉक हवाय. "काका, गुरखाला कंपनीच पुढे-मागे लॉक देते!"

खरं आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात गरगरलं की दुसरं ढिम्म. पण आपला ट्रॅक्टरवाला वळण्याआधी मागचा लॉक सोडतोच ना? पुढची चाकं तर वळवायचीच असतात. लॉक लागला की स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळ जाऊ पाहते. धुऱ्यालगतच्या वळणावर हे जिवावर बेतेल.

म्हणून माझं मत लिमिटेड स्लिपला, तेही गिअरवाल्या. त्यात झिजणाऱ्या क्लच प्लेटा नसतात. एक चाक अधांतरी झालं तर मात्र ब्रेक हलकेच दाबत ॲक्सिलरेटर द्यावा. दुसऱ्या चाकाला जोर मिळतो.

थोडं कमी चढेल, पण वळेल. तुम्हाला काय वाटतं?